बुटातले खडे

वाणिज्य शाखेच्या मुलाने अमेरिकेतल्या एका लेखिकेवर लेख लिहिलेला पाहून आमच्या वर्गातली मंडळी हसणार, हे मला ठाऊक आहे. ज्याला ताळेबंद जुळवताना घाम फुटतो, त्याने साहित्याच्या वाटेला कशाला जावे? पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका कादंबरीने मला असे काही धरले, की ती आणि ती लिहिणारी बाई यांच्याविषयी कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना. म्हणून हा खटाटोप.

कादंबरीचे नाव 'वाईज ब्लड'. लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर. इंग्रजीच्या सरांनी वाचनालयातून काढून दिली. दहावीपर्यंत सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. त्यामुळे पहिली वीस-पंचवीस पाने शब्दकोश मांडीवर घेऊनच वाचली. पुढे शब्दकोश बाजूला राहिला. अडलेले शब्द अडलेलेच ठेवून मी पुढे जाऊ लागलो, कारण त्या माणसाचे काय होते हे मला कळायलाच हवे होते.

याला एक घरगुती कारण आहे. आमचे आजोबा वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि आषाढीला पायी पंढरपूर, यात कधी खंड पडला नाही. मी सातवीत असताना त्यांच्या आग्रहानेच माझ्या गळ्यात माळ आली. पुढे शहरात कॉलेजला आलो, खोली घेऊन राहू लागलो आणि एके दिवशी ती माळ काढून कंपासपेटीत ठेवली. कुणी हसले म्हणून नव्हे. मनात विश्वास उरला नाही आणि आपण ती घालून हिंडतो, हा खोटेपणा वाटला म्हणून. आजोबांना ते कळले. ते काहीच बोलले नाहीत. त्याच वर्षी ते गेले. हे इथे सांगायचे कारण एवढेच, की 'वाईज ब्लड'चा नायकही एका भाविक आजोबांचा नातू आहे आणि त्यालाही काहीतरी काढून टाकायचे आहे. पण त्याच्याकडे वळण्याआधी लेखिकेची ओळख करून द्यायला हवी.

मेरी फ्लॅनरी ओ'कॉनर हिचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, सॅव्हाना या शहरात झाला. आईवडिलांचे हे एकुलते एक अपत्य. घराणे आयरिश वंशाचे आणि कट्टर कॅथलिक. घरासमोरचा चौक ओलांडला की कॅथलिकांचे मोठे कॅथीड्रल. पण ही झाली शहरातली एक वस्ती. भोवतालचा सारा दक्षिण प्रांत प्रॉटेस्टंटांचा. गावोगाव फिरून पाप आणि तारण यांवर गर्जना करणारे प्रचारक, नदीत बुडवून दिलेले बाप्तिस्मे, रस्त्याकडेच्या खडकांवर रंगवलेली ख्रिस्ताची नावे, असा तो मुलूख. त्यातच यादवी युद्धातल्या पराभवाची सल आणि गुलामगिरीच्या पापाचे ओझे. काळ्या आणि गोऱ्या लोकांच्या शाळा, बसमधल्या जागा, इतकेच काय, पाणी पिण्याचे नळसुद्धा वेगळे. अशा ठिकाणी फ्लॅनरी गोऱ्या समाजात जन्मली खरी, पण त्या समाजाचा धर्म तिचा नव्हता. आपल्याच गावात आपण थोडे बाहेरचे असणे म्हणजे काय, हे सीमाभागात वाढलेल्या आपल्यासारख्यांना समजावून सांगायला नको.

लहानपणी तिच्याकडे एक कोंबडी होती. ती म्हणे उलटी चालायची. ही बातमी पसरली आणि चित्रपटगृहांत दाखवायच्या बातमीपटासाठी पाथे कंपनीचा माणूस कॅमेरा घेऊन सॅव्हानाला आला. आयुष्यातला सर्वात मोठा प्रसंग तोच, त्यानंतर सगळी उतरणच लागली, असे ती पुढे गमतीने म्हणायची. पक्ष्यांचे वेड मात्र जन्मभर राहिले.

वडील एडवर्ड घरे आणि जमिनींच्या खरेदीविक्रीचा व्यवसाय करीत. मंदीच्या काळात तो बसला, तेव्हा त्यांनी सरकारी गृहखात्यात नोकरी धरली. १९३८ साली कुटुंबाने सॅव्हाना सोडले. पुढे आई रेजिनाच्या माहेरी, मिलेजव्हिल या जुन्या गावात त्यांचे बस्तान बसले. हे गाव १८०४ ते १८६८ या काळात जॉर्जियाची राजधानी होते. तिथेच वडील ल्यूपस नावाच्या रोगाने खंगत गेले. या रोगात शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. परक्या जंतूंशी लढायचे सोडून ती स्वतःचेच सांधे, त्वचा आणि मूत्रपिंडे पोखरू लागते. १ फेब्रुवारी १९४१ रोजी वडील वारले. फ्लॅनरी तेव्हा पंधरा वर्षांची होती.

गावातल्याच मुलींच्या कॉलेजात तिने १९४५ साली पदवी घेतली. तिथे ती व्यंगचित्रे काढायची. लिनोलियमवर कोरून, शाई लावून छापलेली ती चित्रे कॉलेजच्या वृत्तपत्रात येत. कॉलेजच्या वाङ्मयीन नियतकालिकाची ती संपादकही होती. वाचकहो, आपल्या हातातल्या अशाच एखाद्या अंकातून ही लेखिका पुढे आली, हे वाचून मला जरा धीर आला. 'न्यूयॉर्कर' या नावाजलेल्या साप्ताहिकाकडे तिने चित्रे पाठवली. ती सगळी साभार परत आली.

त्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ती उत्तरेकडे आयोवा विद्यापीठात गेली. तिथल्या लेखनवर्गाचे प्रमुख पॉल एंगल यांना ती प्रथम भेटली तेव्हाची हकीकत त्यांनीच सांगितली आहे. तिचे दक्षिणी उच्चार इतके जड, की ती काय म्हणते ते त्यांना एक अक्षर कळेना. पुन्हा विचारले, तरी तेच. अखेर त्यांनी कागद पुढे केला आणि तिने त्यावर लिहून दिले, की मी पत्रकार नाही, मला तुमच्या वर्गात यायचे आहे. इंग्रजी जिची मातृभाषा, तिलाही इंग्रजी बोलताना असे अडावे लागले! मी प्रथम वर्षात असताना वर्गात शंका विचारायची तर आधी वहीत वाक्य लिहून पाहायचो. ही हकीकत वाचल्यापासून त्याची लाज वाटेनाशी झाली.

१९४७ साली तिने तिथली पदवी मिळवली. तोवर कादंबरीला हात घातला होता. पुढची दोन-तीन वर्षे न्यूयॉर्क राज्यातल्या यॅडो या लेखक-कलावंतांच्या निवासात, काही दिवस न्यूयॉर्क शहरात आणि मग कनेक्टिकट राज्यात रॉबर्ट आणि सॅली फिट्झजेराल्ड या दांपत्याकडे गेली. गॅरेजवरच्या खोलीत राहायचे, सकाळी लिहायचे, दुपारी त्यांची मुले सांभाळायची. जॉर्जियापासून दूर, लेखकांच्या संगतीत आपले आयुष्य जाणार, असे तिने ठरवून टाकले होते. आणि याच काळात ती ज्या माणसाची गोष्ट लिहीत होती, तोही घरापासून आणि देवापासून दूर पळत होता.

त्याचे नाव हेझल मोट्स. वय बावीस. आजोबा फिरते प्रचारक. फोर्ड मोटारीच्या टपावर उभे राहून गावकऱ्यांवर तारणाचा मारा करायचे आणि गर्दीतल्या लहानग्या हेझलकडे बोट दाखवून म्हणायचे, की या नालायक पोरासाठीसुद्धा ख्रिस्त मेला, तो याला सोडणार नाही. मुलाच्या मनात ख्रिस्ताची जी मूर्ती बसली ती प्रेमळ मेंढपाळाची नव्हे. झाडाआडून झाडाआड लपत, खुणावत, काळोखात ओढून नेणारी फाटकीतुटकी आकृती, अशी ती होती. दहा वर्षांचा असताना जत्रेतल्या तंबूत त्याने पाहू नये ते पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने बुटांत बारीक खडे भरले, नाड्या घट्ट बांधल्या आणि रानातून मैलभर चालत गेला. काहीतरी खूण मिळेल म्हणून वाट पाहिली. खूण मिळाली नाही.

अठराव्या वर्षी तो सैन्यात गेला. आपल्याला आत्माच नाही, हे तिथल्या सोबत्यांच्या बोलण्यावरून त्याने पटवून घेतले. त्याला ते हवेच होते. आत्माच नसेल तर पाप नाही, पाप नसेल तर तारणारा कशाला? चार वर्षांनी, छातीत जखम आणि पेन्शन घेऊन तो गावी परतला. गाव ओस पडलेले. घरात माणूस नाही, आईचे कपाट तेवढे उभे. ते कुणी चोरू नये म्हणून त्याने दोरीने बांधले, खणांतून धमकीच्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि आगगाडीत बसला. परकेपणा हा शब्द आपण फार सैल वापरतो. मला तो या कपाटाजवळ कळला. जिथे परत जायचे ती जागाच उरली नाही आणि तरी माणूस रिकाम्या कपाटाची राखण करतो!

शहरात उतरल्यावर तो नवीकोरी भडक निळी पोशाखजोडी आणि काळी टोपी घालून हिंडतो. टॅक्सीवाला त्याला पाहताच धर्मप्रचारक समजतो. तो चिडून नाकारतो, तरी टॅक्सीवाला हसतो. ज्याच्यापासून पळायचे तेच तोंडावर लिहिलेले! मग तो चाळीस डॉलरला एक मोडकी एसेक्स मोटार विकत घेतो, तिच्या टपावर चढतो आणि ख्रिस्ताविना चर्च अशा नव्या पंथाचा प्रचार सुरू करतो. चमत्कार नाही, पतन नाही, तारण नाही. ज्याच्याजवळ चांगली मोटार आहे त्याला कुणाच्या कृपेची गरज नाही. आजोबांचा धर्म सोडला, पण मोटारीचा टप सुटला नाही, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

त्याला भेटणारी माणसेही एकाहून एक. असा हॉक्स हा आंधळा प्रचारक खरे तर डोळस आहे. एकेकाळी श्रद्धेपोटी डोळे घालवण्याची जाहीर घोषणा करून ऐन वेळी तो कच खाल्ला आणि आता आंधळ्याचे सोंग घेऊन पैसे मागतो. ईनॉक नावाचा एकाकी पोरगा संग्रहालयातून आखडलेली एक छोटी ममी चोरून आणतो आणि हाच नवा देव म्हणून पोचवतो. हेझल ती भिंतीवर आपटतो. देव नाकारून बसलेल्या जगाने देवाच्या जागी काय आणून ठेवले, तर पेंढा भरलेले एक बाहुले! आणखी एक हूवर शोट्स. तो तर आमच्या शाखेचाच म्हणायचा. त्याला हेझलच्या पंथात धंदा दिसतो. डॉलर भरा आणि सभासद व्हा. हेझल त्याला हाकलून देतो, तेव्हा तो हुबेहूब तसलीच टोपी आणि तसलाच पोशाख घातलेला दुसरा प्रचारक भाड्याने आणून उभा करतो. बाजारात डुप्लिकेट माल येतो तसा.

हा भाडोत्री माणूस मनातून ख्रिस्ताला मानतो आणि पोटासाठी उलट बोलतो. हेझलला नेमकी हीच लबाडी सहन होत नाही. तो त्याला एकांत रस्त्यावर गाठतो आणि मोटारीखाली चिरडतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहराला पळून जाताना एक पोलीस त्याला अडवतो आणि काहीएक कारण नसताना ती मोटार उतारावरून ढकलून देतो. मोटार गेली. तिच्याबरोबर त्याचे घर गेले, व्यासपीठ गेले, पळण्याची वाट गेली. हेझल पायी शहरात येतो, कळीचा चुना विकत घेतो आणि आपले डोळे जाळून टाकतो. असा हॉक्सने जे करण्याचे सोंग केले ते हा खरेच करतो.

इथवर लिहिताना लेखिका अडली होती. नायकाचे पुढे काय करावे ते सुचेना. फिट्झजेराल्ड हे ग्रीक नाटकांचे भाषांतरकार. १९५० साली तिने त्यांच्याकडे 'इडिपस'चे भाषांतर वाचले. सत्य दिसल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेणारा तो राजा पाहिल्यावर तिला हेझलचा शेवट सापडला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात टंकलेखन करताना तिचे हात जड होऊ लागले. नाताळसाठी घरी निघाली ती आगगाडीत पार कोसळली. स्टेशनवर उतरवून घ्यायला आलेल्या मामांना ती म्हातारीसारखी दिसली. पंचविसाव्या वर्षी तिला वडिलांचाच रोग जडला होता.

आईने मात्र तिला तसे कळू दिले नाही. संधिवात आहे, असेच सांगितले. १९५२ च्या उन्हाळ्यात सॅली फिट्झजेराल्डने तिला खरे काय ते सांगितले. तोवर तिचा मुक्काम आईजवळ हललेला होता. मिलेजव्हिलबाहेर चार मैलांवर अँडलुसिया नावाचे आईचे मोठे दूधदुभत्याचे शेत होते. तिथे तळमजल्यावर तिची खोली. ज्या गावापासून दूर राहूनच आपल्याला लिहिता येईल असे तिला वाटत होते, त्याच गावात ती उरलेले आयुष्य राहिली. आणि तिचे उत्तम लेखन झाले ते तिथेच.

'वाईज ब्लड' मे १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. गावातल्या मंडळींना ती किळसवाणी वाटली. शहरातल्या कित्येकांना ती धर्माची टवाळी वाटली. रोज सकाळी चर्चला जाणारी बाई हे लिहिते, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. दहा वर्षांनी, १९६२ साली दुसऱ्या आवृत्तीच्या छोट्याशा प्रस्तावनेत तिने आपली बाजू मांडली. हेझलचा प्रामाणिकपणा त्या फाटक्या आकृतीला झटकून टाकण्याच्या धडपडीत आहे, असे वाचकांना वाटते. माझ्या मते तो ती झटकता न येण्यात आहे, असा तिचा आशय.

हे वाचून मला आपल्याकडची विरोधभक्ती आठवली. जय आणि विजय या वैकुंठाच्या द्वारपालांना शाप झाला, तेव्हा भक्त म्हणून सात जन्म घ्या किंवा वैरी म्हणून तीन, असे त्यांना विचारले गेले. त्यांनी वैर पत्करले, कारण त्या वाटेने लवकर परत जाता येणार होते. हिरण्यकशिपू, रावण, शिशुपाल. देवाचा ध्यास घ्यावा तो वैऱ्यानेच. आमच्या अंकाच्या कन्नड विभागाचे काम पाहणारा मित्र म्हणाला, की ही गोष्ट त्यांच्याकडच्या हरिकथेतही सांगतात. पण त्यानेच पुढे एक फरक दाखवला. शिशुपाल शेवटच्या क्षणापर्यंत शिव्याच देत असतो, त्याला मुक्ती मिळते ती वैरातच. हेझल मात्र थांबतो. मोटार गेल्यावर तो कुणालाही काहीही सांगत नाही. वैर संपते आणि प्रायश्चित्त सुरू होते. मला हे पटले.

ते प्रायश्चित्त असे. आंधळा हेझल एका घरमालकिणीकडे राहतो. मिसेस फ्लड तिचे नाव. तिचा डोळा त्याच्या सरकारी पेन्शनवर. महिन्याअखेर उरलेले पैसे हा माणूस कचऱ्याच्या टोपलीत टाकतो, हे पाहून ती हादरते. एकदा त्याचे बूट साफ करायला घेते तर आत खडे आणि काचांचे तुकडे. एकदा सदरा उघडा दिसतो तर छातीला काटेरी तार गुंडाळलेली. असे लोक आता करीत नाहीत, ती म्हणते. तो सांगतो, की देणे फेडतो आहे. कुणाचे देणे, किती देणे, ते काही सांगत नाही. हिशेबाची वही लिहिणाऱ्या मला हे फार खटकले. आम्हाला शिकवतात, की प्रत्येक नावेला जमा असते. इथे नावे टाकलेली रक्कम दिसते, पण धनको कोण ते खात्यावर लिहिलेले नाही. ज्याला जन्मभर नाकारले, त्याचेच नाव तिथे असणार, हे वाचकाने समजून घ्यायचे. थंडीपावसात तो निघून जातो. दोन दिवसांनी पोलिसांना एका चरात पडलेला सापडतो, त्यांच्या गाडीतच प्राण सोडतो. घरी आणून ठेवल्यावर मिसेस फ्लड त्याच्याशी बोलत बसते. तो मेला आहे हे तिला कळत नाही. त्याच्या जळलेल्या डोळ्यांत बघता बघता तिला खूप दूर, टाचणीच्या टोकाएवढा एक उजेड दिसू लागतो. जो माणूस केवळ पेन्शनचा आकडा होता, त्याच्यात तिला काहीतरी दिसते. कादंबरी तिथे संपते.

मोट्स या आडनावाचा अर्थ मी शेवटी शोधला. मोट म्हणजे डोळ्यातले कुसळ. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, अशी आपली म्हण आहे. नेमकी तीच प्रतिमा बायबलात ख्रिस्ताच्या तोंडी आहे. आणि हेझलचे घरगुती नाव हेझ, म्हणजे धूसर. सबंध कादंबरीभर डोळे आहेत. आईचा चष्मा, आंधळ्याचे सोंग, जळलेले बुबुळ. दिसणे आणि न दिसणे, यावरच ती उभी आहे.

अँडलुसियातले फ्लॅनरीचे दिवस ठरलेले असत. सकाळी चर्च, मग तीन तास टंकलेखन यंत्रासमोर. त्या वेळात काही सुचो न सुचो, बसायचे म्हणजे बसायचे. दुपारी पत्रे आणि पक्षी. १९५२ साली तिने मोर मागवले. ते वाढत वाढत चाळीसच्या आसपास गेले. आईची फुलझाडे त्यांनी फस्त केली. हा मोर मूळचा आपल्याकडचा. तिकडे प्राचीन ख्रिस्ती कलेत तो न कुजणाऱ्या, पुन्हा उठणाऱ्या देहाची खूण मानला जाई. तिच्या 'द डिस्प्लेस्ड पर्सन' या कथेत मोर पिसारा उघडतो तेव्हा म्हाताऱ्या पाद्र्याला ख्रिस्ताचे तेज आठवते, आणि शेजारी उभ्या असलेल्या मालकिणीला फक्त आणखी एक खाणारे तोंड दिसते.

औषधांनी रोग आवरला पण हाडे झिजली. १९५५ पासून कुबड्या आल्या. त्याच वर्षी 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड' हा कथासंग्रह आला. १९५८ साली नातेवाइकांच्या आग्रहाने ती आईबरोबर फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थाला गेली. रोग बरे करणारे म्हणून तिथले पाणी प्रसिद्ध. ती नाखुशीनेच त्या पाण्यात उतरली आणि आपल्या हाडांसाठी नव्हे, तर अडलेल्या कादंबरीसाठी प्रार्थना केली, असे तिने पत्रात लिहिले आहे. ती कादंबरी, 'द व्हायलंट बेअर इट अवे', १९६० साली पूर्ण होऊन आली. तिच्यातही एक पोरगा आहे, एक प्रेषित म्हातारा आहे आणि न टळणारे बोलावणे आहे.

आता एक गोष्ट टाळून चालणार नाही. काळ्या लोकांविषयी फ्लॅनरीच्या खासगी पत्रांत असे शब्द आणि असे विनोद आहेत, की वाचवत नाहीत. जेम्स बाल्डविन या थोर काळ्या लेखकाला जॉर्जियात भेटण्याचे १९५९ साली सुचवले गेले, तेव्हा तिने नकार दिला. गावाच्या रीतीविरुद्ध जाण्याची तिची तयारी नव्हती. तिच्या कथांतून गोऱ्या लोकांच्या वर्णगर्वाची जी हजेरी घेतली आहे ती जबरदस्त आहे, आणि ती घेणारीच पत्रात असे लिहिते! २०२० साली या पत्रांची मोठी चर्चा झाली आणि मेरीलँडमधल्या लॉयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढून तिथे सिस्टर थिया बोमन या काळ्या जोगिणीचे नाव दिले. मला हे कळले तेव्हा पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले. मग त्या आडनावाची आठवण झाली. नायकाला कुसळाचे नाव देणाऱ्या लेखिकेच्या डोळ्यात मुसळ होते. ते नव्हते असे म्हणणे हे तिच्याच पुस्तकाशी खोटे वागणे होईल. ते होते म्हणून पुस्तक फेकून देणे मात्र मला जमले नाही.

१९६४ च्या फेब्रुवारीत दुसऱ्याच एका गाठीसाठी शस्त्रक्रिया करावी लागली आणि दबलेला ल्यूपस उसळला. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितले. इस्पितळात ती कागद उशीखाली लपवून लिहीत राहिली. 'पार्कर्स बॅक' आणि 'जजमेंट डे' या कथा तिने अशा पुऱ्या केल्या. त्यांतली दुसरी म्हणजे १९४६ साली छापून आलेल्या तिच्या पहिल्याच कथेचे नवे रूप. जिथून सुरुवात केली, तेच शेवटी पुन्हा लिहायला घेतले. ३ ऑगस्ट १९६४ रोजी मिलेजव्हिलच्या इस्पितळात ती वारली. वय ३९. वडिलांशेजारी तिला पुरले. आई पुढे १९९५ पर्यंत जगली. तिच्या ३१ कथांच्या समग्र संग्रहाला १९७२ साली अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. १९७९ साली जॉन ह्यूस्टन यांनी 'वाईज ब्लड'वर चित्रपट काढला. त्याची पटकथा फिट्झजेराल्डांच्या दोन मुलांनी लिहिली होती, ज्यांच्या घरी राहून ती कादंबरी लिहिली गेली त्याच घरातल्या.

तिच्या आयुष्याकडे आणि तिच्या नायकाकडे एकत्र पाहिले की मला एक दिसते. हेझल पळाला, कारण त्याला मोकळे व्हायचे होते. तो जितका पळाला तितका बांधला गेला. ती परत आली, कारण तिला परत यावे लागले. आणि चार भिंतींत, कुबड्यांवर, ती मोकळेपणाने लिहीत राहिली. यात गावी परत जा, धर्म धरा, असा उपदेश मला काढायचा नाही. तिलाही तो काढायचा नव्हता. पण आपण जे नाकारतो ते खरेच संपले, की फक्त त्याची जागा बदलली, हा प्रश्न ती सोडवून देत नाही आणि सोडूही देत नाही.

माझी माळ अजून कंपासपेटीतच आहे. विश्वास परत आला, असे सांगितले तर ते खोटे होईल, आणि खोटेपणा नको म्हणूनच तर ती काढली होती. पण आजोबांनी तेव्हा एक शब्दही का काढला नसेल, याचा मी आता विचार करतो. पूर्वी मला वाटायचे, त्यांना राग आला असेल. ज्याचे घरातून नाव निघते तो आपल्या नातवाला सहजी सोडणार नाही, असे त्यांना वाटले असेल का? विचारायची सोय आता राहिलेली नाही. परीक्षा जवळ आली की कंपासपेटी उघडावी लागते. पेन्सिल काढताना बोट माळेला लागते. तेवढे ते लागू देतो.